कागदावर लिहिलेलं पोट

"शनिवारी जायचं, रविवारी झोपायचं, सोमवारी दहाच्या कॉलला उभी. दाढ काढायलासुद्धा यापेक्षा जास्त दिवस मोडतात."

हे वाक्य पत्र्याच्या पलीकडून आलं. मार्गासनी गावच्या ज्या शेतकऱ्याच्या घरात आमच्या मालिकेचं शूटिंग चाललं होतं, त्याच्या गोठ्यात मेकअप रूम केली होती. गुरं मागच्या शेडमध्ये नेली होती आणि गोठ्याच्या मधोमध पत्रा उभा करून अलीकडे कपडे, पलीकडे आरसे अशी सोय केली होती. मी अलीकडे कडब्याच्या गंजीला टेकून मोबाईलवर आदल्या दिवशीचे फोटो बघत होते. बोलणारे आमचे प्रॉडक्शन कंट्रोलर होते. कोणी किती वाजता यायचं, कोणती गाडी कुठे जायची, कोणाला कधी सुट्टी, हे सगळं त्यांच्या हातात.

 ऐकणारीच्या दोन ऑक्सिडाइजच्या बांगड्या एकमेकींवर घासल्याचा आवाज आला. उजव्या हातात दोन बांगड्या, डाव्या हातात तपकिरी पट्ट्याचं घड्याळ. हे मीच लिहून ठेवलं होतं. मालिकेतल्या घरातली धाकटी नणंद, कॉलेजात जाणारी, लग्न न झालेली. ते काम करणाऱ्या मुलीला मी इथेही धाकटीच म्हणते.

"ओळखीचे डॉक्टर आहेत पुण्यात," कंट्रोलर म्हणाले. "गाडी मी देतो. कोणाला कळायचं नाही."

"सगळ्यांना कळलंय, सर."

"कळलंय म्हणूनच सांगतोय ना बाळा."

बाळा. हा शब्द त्यांनी त्या वाक्यात वापरला, आणि त्यांना काही झालं नाही.

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये असं मला शाळेत आणि घरी दोन्हीकडे शिकवलेलं आहे. तरी मी उठले नाही. धाकटीला दिवस गेलेत हे सगळ्यांना कसं कळलं, ते मला माहीत होतं. ते माझ्यामुळे कळलं होतं.

मी भोरची. वडील सरकारी कचेरीत, आई शिक्षिका. भोरमध्ये आमच्यासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच आहेत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, तीही हॉस्टेलवरची, त्यामुळे माझी वाटणी विचित्र झाली: अभ्यास, भांडण, चिठ्ठ्या सगळं इंग्रजीत, आणि देवाशी बोलणं मराठीत. आजही मला रागावता येतं ते आधी इंग्रजीत आणि तेही मनात. तोंडाने मी कमीच बोलते. गप्प बसणाऱ्या माणसाला पुष्कळ दिसतं, एवढाच त्याचा फायदा, आणि त्याच फायद्यावर मला हे काम मिळालं.

काम कंटिन्युइटीचं. एक प्रसंग कधीच सलग शूट होत नाही. सकाळी दारात उभी राहिलेली बाई चार दिवसांनी उंबरा ओलांडते, आणि दोन्ही वेळा तिचा पदर त्याच खांद्यावर, टिकली त्याच आकाराची, हातातला पेला तेवढाच भरलेला लागतो. ते बघायला एक माणूस लागतं. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढायचे, फरक लिहायचे आणि संध्याकाळी तो कागद युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपवर दिग्दर्शक, कंट्रोलर, कपडेवाले, चॅनलच्या दोन मॅडम, सगळे.

त्याच आठवड्यात सोमवारी मी इंग्रजीत एक ओळ लिहिली. मराठीत ती अशी होईल: धाकटीचा निळा कुर्ता दोन्ही बाजूंनी उसवून सैल केलेला, मागच्या आठवड्याशी जुळत नाही, पोट दिसतं, साइड अँगल टाळावा.

मी हे कुचेष्टेने लिहिलं नाही. मला वाटलं, वजन वाढलं असेल, भोरच्या लॉजवरचं जेवण तेलकट आहे. खरं म्हणजे मला काही वाटलंच नाही. तुटलेली बांगडी, पुसलेलं कुंकू, उसवलेला कुर्ता, एकाखाली एक. माझं काम चोख होतं याचा मला अभिमानही होता. पण ती सकाळी चहाला नाही म्हणते, शॉटच्या मध्ये विहिरीकडे पळते, हे मी पाहिलं होतं, आणि दोन गोष्टी जोडल्या नव्हत्या. कंट्रोलरनी माझी ओळ वाचली आणि पाच मिनिटांत जोडल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या रांगेत सगळं युनिट तिच्या कमरेकडे बघत होतं.

या युनिटबद्दल एक सांगायला हवं. तिथे देवाचं काही कमी नव्हतं. रोज पहिल्या शॉटआधी कॅमेऱ्याला हळद-कुंकू, नारळ, आरती. मी मागे उभी राहायचे, प्रसाद घ्यायचे, खोबऱ्याचा तुकडा खायचे. मला त्याची अडचण कधी नव्हती. अडचण त्यांना माझी होती. पहिल्या आठवड्यात जेवताना मी ताटासमोर डोळे मिटले आणि हात जोडले. अर्ध्या मिनिटाची गोष्ट. लाइटवाल्या दादांनी ते पाहिलं आणि त्या दिवसापासून मी "सिस्टर" झाले.

"सिस्टर, आमच्या नावाने पण एक हालेलुया मारा, आज जनरेटर धड नाही."

"अरे जपून, भाकरी खाता खाता पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देईल तुला."

हसायचे सगळे. मीही हसायचे. नंतर मी डोळे उघडे ठेवून प्रार्थना करायला शिकले. भाताकडे बघत, ओठ न हलवता. कोणाला वाटावं की मीठ कमी आहे का बघतेय. याची मला लाज वाटते, अजूनही. त्यांच्या हसण्याची नाही, माझ्या त्या उघड्या डोळ्यांची.

आणि त्याच दिवसांत मालिकेत काय चाललं होतं? थोरल्या सुनेला दिवस गेले होते. लग्नाला बरीच वर्षं झालेली, नवस झालेले, सासूचे टोमणे झालेले, आणि आता घरात आनंद. शुक्रवारी डोहाळेजेवणाचा मोठा सीन होता. थोरलीसाठी मुंबईहून फोमचं पोट आलं होतं, कमरेला पट्ट्याने बांधायचं. कपडे सांभाळणारे काका या धंद्यात तीस वर्षं होते. त्यांनी ते पोट पहिल्यांदा पेटीतून काढलं तेव्हा त्याला हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. ते कधी जमिनीवर ठेवायचे नाहीत. त्यासाठी वेगळी खुर्ची, खुर्चीवर घडी घातलेली शाल. एकदा मेकअपच्या मुलीची पिशवी त्यावर पडली तर काका केवढे चिडले.

"खोटं असलं तरी पोट आहे ते. त्याच्यावर काही टाकायचं नाही, त्याला ओलांडायचं नाही. आमच्या लाईनीत हे पाळतात."

तेव्हा मला ते फार आवडलं होतं. मी घरी आईला सांगितलंही होतं.

गुरुवारी पत्र्यापलीकडचं ते बोलणं ऐकलं तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर ती खुर्ची होती. शालीवर फोमचं पोट, त्यावर पहिल्या दिवशीच्या कुंकवाचा डाग. आणि पलीकडे एका खऱ्या, आत कोणीतरी असलेल्या पोटासाठी गाडीची वेळ ठरत होती. माझ्या अंगाचा इतका संताप झाला की मोबाईल हातातून निसटून कडब्यात पडला. मी तो शोधत बसले. उठून पलीकडे जायला सहा पावलं होती, ती मी गेले नाही.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी घरामागच्या बांधावर एकटी बसली होती. पलीकडे भाताची कापलेली खाचरं, त्यापलीकडे डोंगर. तिच्या ताटात फक्त दहीभात होता. मी जवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदा खरं ते सांगून टाकलं.

"ते माझ्यामुळे झालं. मी लिहिलं होतं. माफ कर."

"माहितीये मला. वाचता येतं मला इंग्लिश." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "पोट दिसतं. काय छान अक्षर काढलंस गं. आधी मला येऊन विचारायचं नाही होय? तोंड नाही तुला?"

 तिचं खरंच होतं.

मग ती आपणहून बोलायला लागली. तिचं लग्न दीड वर्षापूर्वी झालं होतं, नाशिकला. चॅनलला लग्न झालेली धाकटी नको होती म्हणून तिने मंगळसूत्र पर्समध्ये ठेवलं होतं. सात वर्षं ऑडिशन दिल्यावर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. दिवस जाऊन तीन महिने होत आले होते. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, तुझं करिअर आहे, तू ठरव.

"किती समजूतदार ना?" ती म्हणाली. "तू ठरव म्हणजे काय, तर उद्या काही झालं तर तूच ठरवलं होतंस. मला ना, त्याने एकदा म्हणायला हवं होतं की आपलं आहे, ठेवू. एकदाच. मग मी भांडले असते त्याच्याशी हवं तर."

"तुला काय हवंय?" मी विचारलं.

तिने दहीभात बाजूला ठेवला. "मागच्या आठवड्यात सोनोग्राफी केली. ठोके ऐकवले. घोड्यासारखे पळतात गं. आता ते ऐकल्यावर मला काय हवंय ते विचारू नकोस. पण कंट्रोलर सर म्हणतात पोट लपणार नाही. तुझी कंटिन्युइटीच तसं लिहिते म्हणतात. लपणार नाही म्हणजे मला काढणार, आणि एकदा असं काढलं की पुन्हा कोण घेतंय. आईवडिलांना काय सांगू, सात वर्षं काय केलं?"

मग ती म्हणाली, "तू करतेस ना ते प्रार्थना वगैरे. मी बघितलंय, भाताकडे बघून करतेस. तुमच्यात चालत नाही ना हे, पाडणं?"

"चालण्या न चालण्याचा प्रश्न नाही," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी हे घराबाहेरच्या कोणाला सांगत होते. "आम्ही मानतो की ते आत्ताच कोणीतरी आहे. जन्मल्यावर होणार असं नाही. आहे. देव त्याला ओळखतो."

"आणि मीच म्हटलं असतं, मला नको, तर?"

हा प्रश्न तिने चिडून विचारला नव्हता, आणि मला खोटं बोलायचं नव्हतं.

"तर मी तुझ्याजवळ अशीच बसले असते. आणि तरी म्हटलं असतं की ठेव."

"लई हट्टी आहेस," ती म्हणाली. ही भाषा तिने इथल्या गावातल्या बायकांकडून उचलली होती. मग म्हणाली, "माझ्यासाठी कर मग. डोळे मिटून कर."

मी केली. बांधावर बसून, मोठ्याने नाही, पण ओठ हलवून. ती माझ्याकडे बघत होती की डोंगराकडे, मला माहीत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. दर गुरुवारी सात वाजता असते. आमच्या हॉलमध्ये सतरंजी घालतात, पंधरा-सतरा माणसं येतात, चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, एरवी वडीलमंडळीच चालवतात. शेवटी विनंत्या घेतात: कोणाचं ऑपरेशन, कोणाची नोकरी. मी तिथेही कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उघडलं. नाव न घेता सांगितलं की माझ्या कामावर एक बाई आहे, तिच्यावर मूल पाडण्यासाठी दबाव आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा.

एक वयस्कर गृहस्थ होते. सिनेमा-मालिकांच्या जगातल्या अनीतीबद्दल ते दर महिन्याला प्रार्थना करतात, डोळ्यांत पाणी आणून करतात. माणसाच्या जिवाच्या किमतीवर त्यांचं बोलणं मी लहानपणापासून ऐकलंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"आपल्यातली आहे का?"

"नाही."

"मग लग्न झालेलं आहे ना?"

"झालंय."

"नाही म्हणजे, त्या लाईनीत काही सांगता येत नाही." मग त्यांनी प्रार्थना केली, चांगली लांब केली. त्यात माध्यमांच्या क्षेत्रातला अंधार आला, तरुण पिढी आली, देश आला. ती मुलगी शेवटी आली, अर्ध्या वाक्यात. तिच्या पोटातलं मूल आलंच नाही.

मी आमेन म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात मी न म्हटलेलं ते पहिलं आमेन.

सगळे गेल्यावर आई चहाचे कप विसळत होती. मी तिला सांगितलं की उद्या मी कंट्रोलरशी बोलणार आहे.

"तू यात पडू नकोस," ती म्हणाली. तिने आवाज बारीक केला होता, आमच्याच स्वयंपाकघरात. "तू तिला प्रार्थना शिकवलीस म्हणतील. मग म्हणतील धर्मांतर. आपण इथं राहतो बाई. बाबांना रोज बाजारातून जायचं असतं."

"आई, तिचं मूल मारायला नेतायत."

"मला कळत नाही का? मला वाईट वाटत नाही का? तू मनात प्रार्थना कर. देव ऐकतो मनातलं."

मी तिच्यावर रागावले, आणि रागावताना मला हेही दिसत होतं की हीच भीती मी रोज भाताच्या ताटात घेऊन बसते. ती मला तिच्याकडूनच मिळालेली आहे. पण भीती समजली म्हणून ती बरोबर ठरत नाही. मूल जपायचं असतं हे आम्ही बंद दारामागे, सतरंजीवर बसून मानायचं, आणि दाराबाहेर एक मूल जाणार असेल तर बाजाराचा विचार करायचा. मग आमच्यात आणि फोमला कुंकू लावणाऱ्यांत फरक काय राहिला? ते निदान ढोंग करत नाहीत, त्यांना तो विचारच सुचलेला नाही. आम्हाला सुचलेला आहे.

त्या रात्री मी जेवणाआधी पुढच्या दीड महिन्याचं शेड्यूल काढून बसले. धाकटीचे छत्तीस सीन उरले होते. एकेक सीन वाचला. कुठे ती बसलेली, कुठे तिच्यासमोर टेबल, कुठे सूप घेऊन धान्य पाखडतेय, कुठे मागून चालत येते. प्रत्येक सीनपुढे मी कसं लपेल ते लिहिलं. ओढणी, वह्या छातीशी, थंडीचे दिवस म्हणून शाल, कॅमेरा खांद्याच्या वर. बत्तीस सीन सहज निघाले. चार निघेनात, त्यात ती नाचते. ते चार बदलावे लागणार होते.

शुक्रवारी सकाळी गाडी भोरहून निघाली तेव्हा कापूरव्होळपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. नसरापूरला ती सगळी विसरले.

डोहाळेजेवणाचा सीन ओसरीत होता. झेंडूच्या माळा, फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, पाच प्रकारचे भात, त्यातले चार रंग दिलेले आणि खाता न येणारे. घराच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत, खांबाला टेकून बघत होत्या. काकांनी दोन्ही हातांनी फोमचं पोट आणून थोरलीला बांधलं. सगळ्या बायका तिची ओटी भरत होत्या. धाकटीला थोरलीच्या पोटाला हात लावून म्हणायचं होतं, "आत्या होणार मी."

चार टेकमध्ये तिला ते म्हणता आलं नाही.  पाचव्यात म्हणाली आणि पळत विहिरीकडे गेली.

"नखरे आहेत नुसते," कंट्रोलर मॉनिटरमागून म्हणाले.

मावशींनी ऐकलं. "नखरं न्हाईत ते, सायेब," त्या म्हणाल्या. "पोरगी पोटुशी हाय. म्या चार बाळंतपणं केली, मला दिसतंय. उनात हुबं करू नगा तिला. तुमी त्या रबराच्या पोटाला खुर्ची देता, तिला बी एक द्या की."

कोणीतरी हसलं. काका हसले नाहीत, ते खाली बघत होते. मावशी स्वतःच आतून खुर्ची घेऊन विहिरीकडे गेल्या.

मी पाठोपाठ गेले. धाकटी तोंड धूत होती. मी तिला कागद दाखवला, छत्तीस सीनचा. तिने तो सगळा वाचला, दोनदा. मग म्हणाली, "तू सांगशील? मला जायचं नाहीये. पण माझ्या तोंडून त्यांच्यासमोर निघत नाही. ते बाळा म्हणतात आणि माझं सगळं पाणी होतं."

पुढे काय झालं ते मी इथेच सांगते, कारण ते सगळं माझ्या बोलण्याने झालं असं मला भासवायचं नाही. शनिवारची गाडी गेली नाही. शेड्यूल संपेपर्यंत धाकटी शालीत, टेबलामागे, मागून चालत काम करत राहिली. त्यानंतर मालिकेत तिला शिकायला परगावी पाठवलं आणि काही भागांनी त्या घरात तिचं नाव कोणी घेईना. तिचं काम गेलं ते गेलंच. या धंद्याने तिच्याशी जे केलं त्याचा माझा राग अजून तसाच आहे, त्यात कसलंही समाधान मिसळलेलं नाही. मला पुढच्या शेड्यूलला बोलावलं नाही. तिला मुलगी झाली. नवरा आता फोटो पाठवतो, रोज, चारचार, तिच्यापेक्षा जास्त उत्साहाने. मी ते बघते आणि त्याला उत्तर देत नाही, मुलीच्या आईला देते.

त्या शुक्रवारी दुपारी दिग्दर्शक, चॅनलच्या मॅडम आणि कंट्रोलर ओसरीत बसले होते. धाकटी खांबाजवळ उभी होती. लाइटवाले दादा वायर गुंडाळत होते, काका साड्यांच्या घड्या घालत होते, म्हणजे सगळे ऐकत होते. कंट्रोलरनी मला हाक मारली.

"ये. कंटिन्युइटी तुझी आहे. सरांना सांग, पोट लपणार नाही म्हणून. तू लिहिलंयस ना तसं?"

दिग्दर्शक म्हणाले, "बोल गं. काय आहे ते स्पष्ट सांग."

 लाइटवाले दादा हळूच म्हणाले, "सिस्टर, बोला." ते थट्टेत म्हणाले की कसे, मला अजून कळलेलं नाही.

मी कागद सरांच्या हातात दिला आणि म्हणाले, "लपेल, सर. बत्तीस सीनमध्ये सहज लपेल, कसं ते इथे लिहिलंय, आणि चार सीन बदलावे लागतील. मी सोमवारी जे लिहिलं ते तिला न विचारता लिहिलं, ती माझी चूक आहे आणि तिची मी माफी मागितलीय. पण तुम्ही उद्या जे करणार आहात त्यात माझ्या कागदाचं नाव घेऊ नका. तिला जायचं नाहीये. तिने मला तसं सांगितलंय आणि तुम्हाला सांगायलाही तिनेच सांगितलंय. तिच्या पोटात मूल आहे, त्याचे ठोके तिने ऐकलेत. ते मारण्यासाठी तुमच्याकडे गाडी आहे, डॉक्टर आहे, सुट्टी आहे, आणि ते जगावं म्हणून साधं बसायला कोणी काही दिलं नाही, ते या घरच्या मावशींना द्यावं लागलं. मी ख्रिस्ती आहे म्हणून असं बोलते असं म्हणाल, तर हो, म्हणूनच बोलते. मला हे आधीच बोलायला हवं होतं. माझं पटत नसेल तर मला काढा, पण तिला त्या गाडीत बसवू नका."